रोमन धाटणीची दुतोंडी सर्पअंगठी चांदीत कशी घडवावी

1985 साली इंग्लंडमध्ये नॉरफोकमधल्या स्नेटिशॅम गावी घराचं बांधकाम चालू असताना मातीचा एक घट सापडला. आत इसवी सन 155च्या सुमाराला पुरलेला सोनाराचा ऐवज होता: नाणी, चांदीचे तुकडे, कोरीव खडे, गारगोटी बसवलेलं घोटायचं हत्यार आणि चांदीच्या सर्पअंगठ्या, सर्पकंकणं. चांदीच्या नाण्यांत बहुतेक डोमिशियन या रोमन सम्राटाची. त्यांत चांदीचं प्रमाण चांगलं, तेव्हा ती वितळवायलाच ठेवलेली असावीत.

रोमनांचा साप कात टाकतो म्हणून नव्या जन्माचा, एस्क्लेपियस या वैद्यदेवाच्या काठीला वेढलेला म्हणून आरोग्याचा, घरच्या देवळीत रंगवलेला म्हणून घराच्या राखणीचा. या घरच्या सापाला फणा नसतो. नागपंचमीचा नाग डोळ्यांपुढे ठेवून डोकं पसरट केलंत, तर अंगठी रोमची राहणार नाही, इजिप्तच्या फारोंच्या मुकुटाकडे झुकेल.

18 मिमी आतल्या व्यासाच्या अंगठीला 925 चांदीची (साडेब्याण्णव टक्के चांदी, बाकी बहुधा तांबं) 3 मिमी जाड, 95 मिमी लांब गोल तार लागते. वजन साधारण 7 ग्रॅम. शुद्ध चांदी इथे नको, वापरात वाकते.

तार आधी तापवून नरम करा. खोलीत अंधार ठेवा. तार मंद लाल दिसली की ज्योत काढायची. त्याहून पुढे गेलात तर टोकं आधी वितळतात. लाली गेल्यावर पाण्यात विझवा, मग लिटरभर गरम पाण्यात 100 ग्रॅम लिंबूसत्व घालून त्यात काळपट थर जाईपर्यंत ठेवा. त्यात लोखंडी चिमटा घालू नका, चांदीवर तांब्याचा तांबूस लेप चढतो.

डोकी वेगळी करून डाख देऊ नका. सांधा नेमका मानेवर येतो आणि तिथेच तुटतो. दोन्ही टोकांचा 10 मिमी भाग ऐरणीवर ठोकून दीड मिमीपर्यंत चपटा करा. हातोडीखाली चांदी कडक लागायला लागली की थांबून पुन्हा तापवायचं. कंटाळा केलात तर कडेला बारीक चीर पडते. ती दिसताक्षणी कानशीने पूर्ण काढा, नाहीतर पुढच्या ठोक्याला आत पळते. डोक्यामागे कानशीने मान 2 मिमीपर्यंत बारीक करा, नाकाचं टोक गोल करा. टोकदार नाक कपड्यात अडकतं.

खवले तार सरळ असतानाच उठवायचे. तार राळेत बसवा, सपाट छिन्नीने मानेवर तीन-चार आडव्या रेघा, डोळ्यांना गोल ठशाचा एकेक ठोका. एवढंच. अंगभर खवले कोरण्याचा मोह बऱ्याच जणांना होतो आणि वळवताना आतल्या बाजूचे खवले चेपून सगळं गढूळ दिसतं.

राळ काढून शेवटचं तापवा. तार मधोमध धरून 17 मिमीच्या सळईवर लाकडी हातोडीने वळवा. चांदी थोडी उसळते, व्यास 18वर येतो. दोन्ही डोकी एकमेकांना ओलांडून सुमारे 15-15 मिमी पुढे जायला हवीत.

रेघा काळ्या करायला झाकणाच्या डब्यात कुस्करलेल्या उकडलेल्या अंड्याशेजारी अंगठी काही तास ठेवा. मग उंचवटे चमकेपर्यंत घोटा, खाचांतला काळेपणा राहू द्या. माप थोडं सैल-घट्ट करता येतं, पण वारंवार उघड-मीट केली तर पाठीमागे, डोक्यांच्या बरोबर समोर, तार कडक होऊन तडकते.