दुसऱ्या पंथाच्या चर्चमध्ये जाणार असाल तर आधी काय काय बघायचं

ख्रिस्ती म्हटलं की पुढचा प्रश्न येतोच, कुठल्या चर्चचे? आपण कॅथलिक, मेथॉडिस्ट, बाप्टिस्ट असं काहीतरी सांगून मोकळे होतो, पण त्या एका नावात घरातलं किती काय येतं ते लग्न ठरलं किंवा चर्च बदलायची वेळ आली की मगच कळतं. मी प्रोटेस्टंट घरातली, नवरा कॅथलिक, त्यामुळे हे सगळं स्वतः निस्तरलंय म्हणून लिहितेय.

नुसती माहितीपत्रकं वाचून काही ठरवू नका, कागदावर सगळं बरंचसं सारखंच दिसतं. निदान चार रविवार सलग जाऊन बसा, मागच्या बाकावर बसलात तरी चालेल.

आणि सगळ्यात आधी प्रभुभोजनाचं, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीचं विचारा, उपासनेच्या आधीच पाळकांना किंवा फादरना फोन करून. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये साधारणपणे त्यांच्याच सभासदांना मिळतं, बऱ्याच मेथॉडिस्ट चर्चमध्ये बाहेरून आलेल्यांनाही बोलावतात, आणि क्वेकर व साल्व्हेशन आर्मी या पंथांत हा विधी करतच नाहीत. मला हे ऐकून माहीत होतं तरी पहिल्या मिस्साला, म्हणजे कॅथलिक उपासनेला, अख्खी रांग उठून पुढे गेली, मी पाय बाजूला घेऊन सगळ्यांना वाट करून दिली आणि एकटी बसून राहिले, ते फार लागलं मला. नवऱ्यालाही लागलं हे त्याने पुष्कळ दिवसांनी सांगितलं. माझ्या माहेरच्या चर्चमध्ये ट्रे बाकाबाकावरून फिरतो, अंगठ्याएवढा कप प्रत्येकाने हातात धरून ठेवायचा आणि पाळकांनी म्हटलं की सगळ्यांनी एकदम प्यायचं, त्या थांबण्यात जी शांतता असते ती मला अजून आठवते. म्हणून सांगते, या गोष्टीवर घरात आधी बोला, कारण हे नियमाने सुटत नाही, मनाला लागलेलं असतं.

मुलांचंही आत्ताच बोलून घ्या. ऑर्थोडॉक्समध्ये तान्ह्या बाळाला बाप्तिस्म्यापासूनच प्रभुभोजन देतात, कॅथलिकांमध्ये साधारण सातव्या वर्षाच्या आसपास पहिलं कम्युनियन म्हणजे पहिलं प्रभुभोजन, आणि बाप्टिस्टांमध्ये मूल मोठं होऊन स्वतः विश्वास कबूल करेपर्यंत बाप्तिस्माच नाही. कॅथलिक आणि दुसऱ्या पंथाच्या मिश्र लग्नाला कॅथलिक चर्चची परवानगी लागते आणि मुलांना कॅथलिक म्हणून वाढवायला आपल्याकडून होईल ते सगळं करीन असं वचन कॅथलिक बाजूला द्यावं लागतं. हे सासरच्यांना आणि माहेरच्यांना लग्नाआधी सांगा, बारशाच्या वेळी नको.

बाप्तिस्म्याचा दाखला शोधून ठेवा. पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने पाण्याने झालेला असेल तर कॅथलिक चर्च बाप्तिस्मा पुन्हा देत नाही, पण बहुतेक बाप्टिस्ट चर्च लहानपणीचा धरत नाहीत, तिथे पाण्यात पूर्ण बुडवून घ्यावा लागतो. काहींना तो पहिल्या बाप्तिस्म्याचा अपमान वाटतो, तर तसं मोकळेपणाने बोला.

मग आठवड्याचं गणित. सेव्हंथ डे अॅडव्हेंटिस्ट लोकांचा शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस, शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होतो तो शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत, म्हणजे शनिवारची परीक्षा किंवा ड्युटी हा खरा प्रश्न होतो, आधीच विचार करा. ऑर्थोडॉक्स लोक वर्षातले बहुतेक बुधवार-शुक्रवार उपवास पाळतात आणि त्यांचा ईस्टर बऱ्याचदा वेगळ्या तारखेला येतो. कॅथलिकांना राखेचा बुधवार (ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस) आणि गुड फ्रायडे दोन्ही दिवस उपवास, मांस नाही. साल्व्हेशन आर्मीचा सोल्जर, म्हणजे पूर्ण सभासद, झालात तर दारू-तंबाखू बंद. स्वयंपाक ज्याच्या हातात आहे त्याला हे सगळं माहीत हवं.

दशांशाबद्दल, म्हणजे चर्चला द्यायच्या उत्पन्नाच्या दहाव्या हिश्श्याबद्दल, लाजू नका, सरळ विचारा. निर्णय कोण घेतं तेही बघा. बाप्टिस्ट चर्चमध्ये सभासद मत देतात, प्रेस्बिटेरियनमध्ये सभासदांमधून निवडलेले वडीलजन (एल्डर) बघतात, कॅथलिक फादरची नेमणूक बिशप करतात. उद्या तक्रार असली तर कुणाकडे जायचं ते यावरूनच कळतं.

आणि जुनं चर्च सोडताना गुपचूप येणं बंद करू नका. पाळकांना स्वतः भेटा, सभासदत्वाचं पत्र मागून घ्या. माझे पाळक पत्र लिहिताना मधेच थांबले, चष्मा काढला, माझ्यासाठी प्रार्थना केली आणि मग सही केली.