‘कर वाढला म्हणून अमेरिका पेटली’ असं लिहिताय? मग या चुका टाळा

‘अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाची कारणे स्पष्ट करा.’ सराव पेपरात हा प्रश्न असला की गठ्ठा उघडायच्या आधीच मी चहा टाकतो, कारण पुढचे दोन तास काय वाचायचंय ते तोंडपाठ झालंय. इंग्लंडने भरमसाट कर लादले, चहा महाग केला, चिडलेल्या लोकांनी चहा समुद्रात फेकला, युद्ध झालं, अमेरिका स्वतंत्र. त्यावर लाल पेनाने अंडरलाइन, कडेला बाणांचा फ्लोचार्ट. मी प्राध्यापक वगैरे नाही, स्पर्धा परीक्षेच्या पोरांचे पेपर तपासतो आणि थोडं शिकवतो एवढंच, पण त्याच त्या चुका बघून आता खरंच कंटाळा आलाय.

आधी चहाचं घेऊ, कारण ही चूक मी स्वतः दोन वर्षं शिकवलीये. ‘चहावर एवढा कर लावला की सामान्य माणसाला चहा परवडेना’ हे मी फळ्यासमोर हातवारे करून सांगायचो. तिसऱ्या बॅचला मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, सर, कर आधी किती होता आणि नंतर किती केला? मी म्हटलं, उद्या सांगतो. रात्री शोधायला बसलो आणि घाम फुटला. १७७३ च्या टी ॲक्टने नवा कर लावलाच नव्हता! पौंडामागे तीन पेन्सचा कर होता तो १७६७ पासूनचा, इंग्लंडचा अर्थमंत्री टाउनशेंडच्या वेळचा. उलट झालं असं की ईस्ट इंडिया कंपनी, हो आपलीच, गाळात गेली होती, लंडनच्या गोदामांत चहा पडून होता, म्हणून पार्लमेंटने कंपनीला इंग्लंडमधली जकात माफ केली आणि मधले व्यापारी टाळून थेट अमेरिकेत माल पाठवायला परवानगी दिली. म्हणजे चहा स्वस्त होणार होता, हॉलंडहून चोरून येणाऱ्या चहाशी टक्कर देईल इतका.

दुसऱ्या दिवशी वर्गात कान पकडले आणि हे सांगितलं. पोरं गोंधळली, स्वस्त झाला तर राग कसला? तेव्हा किराणा दुकानदाराची एक मुलगी म्हणाली, सर, आमच्या गावात मोठं मार्ट आलं तसंच झालं की, तेल स्वस्त झालं पण पप्पांचं दुकान बसलं. मी इतकी वर्षं जे सांगू शकलो नव्हतो ते तिने एका वाक्यात सांगितलं. कंपनीचा चहा विकायचा मक्ता ठरावीक लोकांनाच मिळाला, बॉस्टनमध्ये त्यात खुद्द गव्हर्नर हचिन्सनची दोन पोरं होती, आणि बाकीचे व्यापारी, त्यात चोरटा माल आणणारेही आले, सगळे बाहेर. शिवाय तो स्वस्त चहा घेतला की तीन पेन्सचा कर आपसूक भरला जाणार, म्हणजे आमच्यावर कर लावायचा तुम्हाला हक्क आहे हे चहाच्या कपातून मान्य केल्यासारखं. पंतप्रधान लॉर्ड नॉर्थला पार्लमेंटमध्येच सांगितलं गेलं होतं की बाबा ते तीन पेन्स काढून टाक, भांडण मिटेल. त्याने ऐकलं नाही, त्याला पैशापेक्षा तो हक्क हवा होता.

आणि हो, तो चहा आसामचा नव्हता, चीनचा होता. दर गठ्ठ्यात एकतरी पेपर असा निघतो की ज्यात भारतातला चहा बॉस्टनच्या समुद्रात बुडतो. आसामात इंग्रजांना चहा सापडला तो पुढच्या शतकात. कंपनी तीच म्हणून चहाही आपलाच, असं नसतं राव.

आकडे लिहायचेच असतील तर एवढे पुरेत: १६ डिसेंबर १७७३, तीन जहाजं, ३४२ पेट्या, ४० टनांहून जास्त चहा. सन लक्षात राहत नसेल तर माझी युक्ती घ्या, नारायणराव पेशव्यांचा खून ऑगस्ट १७७३ मध्ये झाला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात बॉस्टन. शनिवारवाडा म्हटलं की ही तारीख आपोआप आठवते. ‘बॉस्टन टी पार्टी’ हे नाव मात्र कितीतरी नंतरचं, तेव्हा लोक साधं ‘चहाची नासाडी’ म्हणायचे.

आता दुसरी चूक, आणि ही मला जास्त खटकते, कारण तिच्यामागे आळस आहे. १७६५ ला स्टॅम्प ॲक्ट (कागदपत्रांवरचा कर), १७७६ ला स्वातंत्र्य, मध्ये एक बाण. अकरा वर्षं एका बाणात! एक मिनिटाचे व्हिडिओ बघून अभ्यास करायची जी सवय लागलीये ना, तिचं हे फळ. त्या अकरा वर्षांत लंडनने दोनदा माघार घेतलीये. स्टॅम्प ॲक्टवर दंगे झाले, नऊ वसाहतींचे लोक ऑक्टोबर १७६५ मध्ये न्यूयॉर्कला जमले, ब्रिटिश मालावर बहिष्कार पडला, इंग्लंडचेच व्यापारी ओरडायला लागले, आणि मार्च १७६६ मध्ये कायदा रद्द. मग १७६७ ला काच, शिसं, रंग, कागद, चहा यांवर टाउनशेंडचे कर, पुन्हा बहिष्कार, बायका घरी सूत काततायत (स्वदेशी चळवळ आठवली ना, मलाही आठवते), आणि १७७० ला चहा सोडून बाकी सगळे कर परत मागे. गंमत बघा, लॉर्ड नॉर्थने ते मागे घ्यायचा प्रस्ताव मांडला तो दिवस ५ मार्च १७७०, आणि त्याच दिवशी तिकडे बॉस्टनमध्ये सैनिकांनी गर्दीवर गोळ्या झाडल्या, पाच माणसं गेली. जहाजाने बातमी पोचायला महिना-दीड महिना लागायचा, त्यामुळे इकडचं तिकडे कुणालाच माहीत नाही. त्यानंतर दोन-तीन वर्षं बऱ्यापैकी शांतता होती, व्यापार सुरू होता. एका बाणात हे कुठे दाखवणार?

माझी पद्धत म्हणाल तर पद्धत नाहीये, खोड आहे. मी कागदावर दोनच रकाने करतो, डावीकडे ‘लंडनने काय लादलं’, उजवीकडे ‘लंडनने काय मागे घेतलं’. १७६६ ला उजवीकडे काहीतरी आहे, १७७० ला आहे, आणि १७७४ ला उजवा रकाना रिकामा. तिथेच सगळं फिरलं. चहाच्या नुकसानीची भरपाई होईपर्यंत बॉस्टन बंदर १ जून १७७४ पासून बंद, बॉस्टन ज्या वसाहतीत होतं त्या मॅसॅच्युसेट्सचं कौन्सिल आता राजा नेमणार, गावसभा गव्हर्नरच्या परवानगीशिवाय वर्षातून एकदाच. यात कर कुठे दिसतो का? नाही दिसत. भांडण पैशाचं उरलंच नव्हतं, आमच्या गावचा कारभार कोण बघणार याचं झालं होतं, आणि म्हणून सप्टेंबरात फिलाडेल्फियाला बारा वसाहती एकत्र आल्या (तेरा नाही! जॉर्जिया नव्हती आली, हे लिहिणाऱ्याला मी अर्धा मार्क जास्त देतो).

याचा पक्का पुरावा हवा तर १७७८ बघा, ते कुणीच बघत नाही. त्या वर्षी पार्लमेंटने कायदाच केला की वसाहतींवर महसुलासाठी कर लावायचा हक्क आम्ही सोडतोय, चहावरचा करही गेला, आणि वाटाघाटीला माणसं पाठवली. अमेरिकन काँग्रेसने, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने, सांगितलं, आधी स्वातंत्र्य मान्य करा नाहीतर सैन्य काढून घ्या, मग बोलू. युद्ध करासाठीच असतं तर १७७८ ला मिटलं नसतं का? तोवर फ्रान्सशी त्यांचा तह झाला होता हेही खरं, त्यामुळे जोर होता. पण हा एक मुद्दा लिहिला तरी पेपर गठ्ठ्यातून वेगळा निघतो.

‘प्रतिनिधित्व नाही तर कर नाही’ हे सगळे मोठ्या अक्षरात लिहितात आणि पुढे लिहितात की त्यांना पार्लमेंटमध्ये जागा हव्या होत्या. नको होत्या! न्यूयॉर्कला जमलेल्यांच्या १७६५ च्याच ठरावात म्हटलंय की आमचं प्रतिनिधित्व तिथे नाही आणि परिस्थितीमुळे होऊही शकत नाही. समुद्रापलीकडे पाच-पन्नास माणसं पाठवून बहुमतात हरायला कोण जाईल? त्यांचं म्हणणं होतं की आमच्यावर कर आमच्या विधानसभाच लावतील.

बाकीचं पटापट. ‘भरमसाट कर’ लिहू नका, इंग्लंडमधला माणूस अमेरिकेतल्यापेक्षा कितीतरी जास्त कर भरत होता. १७६४ च्या शुगर ॲक्टने तर काकवीवरचा कर गॅलनला सहा पेन्सवरून तीनवर आणला, पण वसुली कडक केली आणि ज्युरीविना खटले चालवले, म्हणून बोंब झाली. स्टॅम्प ॲक्टमधला स्टॅम्प म्हणजे पोस्टाचं तिकीट नाही, कोर्टाबाहेर मिळतो तो स्टॅम्प पेपर डोळ्यांसमोर आणा, फरक एवढाच की वर्तमानपत्र आणि पत्त्यांच्या कॅटलाही तो लागायचा. स्टॅम्प ॲक्ट रद्द झाला त्याच दिवशी डिक्लेरेटरी ॲक्ट आला की आम्ही तुमच्यासाठी कोणताही कायदा करू शकतो, तो गाळलात तर माघार अर्धीच कळते. १७६३ ला फ्रान्सशी चाललेलं सात वर्षांचं युद्ध संपलं आणि इंग्लंड कर्जात बुडालं, इथून सुरुवात करा, थेट स्टॅम्प ॲक्टवर उडी नको. लेक्सिंग्टनला १९ एप्रिल १७७५ ला युद्धाचा पहिला गोळीबार झाला तो कराच्या वसुलीवरून नाही, ब्रिटिश सैन्य काँकर्डचा दारूगोळा जप्त करायला निघालं होतं म्हणून. आणि त्यानंतरही जुलैत काँग्रेस राजाला विनंतीअर्ज पाठवत होती, लगेच स्वातंत्र्य कुणी मागितलं नव्हतं.

शेवटचं एक, हे आपल्या पोरांना माहीत नसलं की मला वाईट वाटतं. यॉर्कटाउनला १७८१ मध्ये ज्याच्या सैन्याने शस्त्रं टाकली तो कॉर्नवॉलिस आणि कायमधारा पद्धत आणणारा कॉर्नवॉलिस हे दोघे वेगळे समजून एका मुलाने दोन परिच्छेद लिहिले होते. एकच आहे तो. १७८६ ला गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्याला आला, आणि पुढे टिपूशी लढला तेव्हा मराठे त्याच्या बाजूने होते.