हाडांच्या औषधावर असताना दाढ काढायची असेल तर

'कोणत्या गोळ्या चालू आहेत?' असं दाताचे डॉक्टर विचारतात, तेव्हा आजी बीपीची, शुगरची सांगते. वर्षातून एकदा लावलेलं सलाईन राहून जातं, कारण ती गोळी नाही. सांगायला हवं ते नेमकं हेच.

ठिसूळ हाडांसाठी झोलेड्रोनिक ॲसिड (हेच ते सलाईन) वर्षाला ५ मिग्रॅ, अ‍ॅलेंड्रोनेट आठवड्याला ७० मिग्रॅ, डेनोसुमॅब सहा महिन्यांनी ६० मिग्रॅ देतात. या औषधांनी जुनं हाड झिजवणाऱ्या पेशी थंडावतात. दाढ काढल्यावर त्याच पेशींची गरज असते. त्या कमी पडल्या की कधीकधी हिरडी बुजत नाही आणि जबड्याचं हाड, बहुधा खालचं, उघडं पडून मरतं. ठिसूळ हाडांच्या रुग्णांत हे क्वचितच होतं. कॅन्सरसाठी हीच औषधं जास्त डोसात, वारंवार घेणाऱ्यांना धोका बराच जास्त. म्हणून शक्य तर औषध सुरू करण्याआधीच किडके दात उरकून घ्या.

औषध सुरू असेल तर फाईल सोबत न्या, शेवटच्या डोसची तारीख दाखवा. शिबिरात घाईने दाढ काढू नका. रूट कॅनालने दात वाचत असेल तर वाचवा, पण पू झालेला दात भीतीपोटी तसाच ठेवू नका. त्या जंतुसंसर्गानेही हाड सडतं. डेनोसुमॅब मनाने बंद करू नका, मणके मोडू शकतात. डोसनंतर तीन-चार महिन्यांनी दाढ काढली तर पुढच्या डोसपर्यंत जखम भरायला दोनेक महिने मिळतात. तारीख दाताच्या आणि हाडांच्या डॉक्टरांनी मिळून ठरवावी.

पहिला दिवस जोराने चूळ भरू नका. पुढे डॉक्टरांनी दिलेलं ०.२ टक्के क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक चूळ भरायला १० मिली, दिवसातून दोनदा, मिनिटभर. ब्रश केल्यावर अर्ध्या तासाने. भाकर दुधात कुस्करून खा. मिश्री आणि तंबाखू पूर्ण बंद. दुखतं म्हणून काढलेल्या दाढेच्या खळग्यात तंबाखूची गोळी दाबणं तर फार वाईट.

दर आठवड्याला बॅटरीच्या उजेडात खळगा बघा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी उठणारी जबर कळ बहुधा ड्राय सॉकेटची, म्हणजे खळग्यातली रक्ताची गुठळी निघून हाड उघडं पडल्याची असते. डॉक्टरांकडे जा, औषध भरल्यावर ती आठ-दहा दिवसांत शमते. मेलेलं हाड बरेचदा दुखतच नाही, तिथेच फसगत होते. तीन आठवड्यांनंतरही पिवळसर-पांढरं, टणक काही दिसलं, पू आला किंवा खालचा ओठ बधिर झाला, तर काडीने कोरू नका. हाड आठ आठवडे उघडं राहिलं तरच 'औषधामुळे जबड्याचं हाड मेलं' असं निदान पक्कं करतात, पण तेवढं थांबायचं नाही. तोंडाच्या सर्जनला दाखवा. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात जाता येईल.

कवळी टोचत असेल तर तीही घासून घ्या. दाढ न काढताही तिच्या दाबाने हाड उघडं पडतं.