मंडालेला जाताय? पॉलिसी शेवटच्या पानापासून वाचा

रत्नागिरीच्या माणसाला म्यानमारमधल्या मंडालेची ओढ वाटली तर त्याला दोष देता येत नाही. थिबा राजाला इंग्रजांनी 1885 मध्ये तिथून उचललं आणि पुढच्या वर्षी आमच्या गावात आणून ठेवलं. 1916 मध्ये तो इथेच वारला. उलट दिशेने, आमच्या गावात जन्मलेल्या टिळकांना 1908 ते 1914 मंडालेच्या तुरुंगात ठेवलं आणि तिथे त्यांनी ‘गीतारहस्य’ लिहिलं. त्यामुळे थिबा पॅलेस पाहून झाला की कुणाच्या तरी डोक्यात येतंच, एकदा पलीकडचं टोकही बघून यावं. सध्या ते माझ्या भाच्याच्या डोक्यात आलंय.

माझी सगळी नोकरी विम्याच्या दाव्यांच्या टेबलावर गेली. शिवाय गेल्या हिवाळ्यात मी स्वतः यांगून, बगान आणि मंडाले करून आले. त्याला जे सांगितलं तेच इथे लिहिते. जायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. मी फक्त विमा कुठवर साथ देतो आणि कुठे सोडतो ते सांगणार.

भाच्याने पॉलिसी दाखवली ती पहिल्या पानावरून. पन्नास हजार डॉलरचं वैद्यकीय संरक्षण, कॅशलेस, सामान हरवलं तर अमुक, विमान चुकलं तर तमुक. “मावशी, म्यानमार यादीत आहे, पॉलिसी निघाली पण!” निघणारच. पोर्टलला देश निवडला की हप्ता दिसतो. पण पॉलिसी विकली जाणं आणि दावा मंजूर होणं यात बरंच अंतर असतं, आणि ते अंतर शेवटच्या पानांवर, अपवादांच्या यादीत लिहिलेलं असतं. तिथे युद्ध, आक्रमण, यादवी, बंड, उठाव, क्रांती यांच्याच रांगेत ‘लष्करी किंवा बळकावलेली सत्ता’ हेही असतं. जवळपास सगळ्या कंपन्यांच्या मसुद्यात ते जुन्या काळापासून आहे आणि कुणी वाचत नाही. 1 फेब्रुवारी 2021 ला लष्कराने ताब्यात घेतलेल्या देशात जाताना मात्र ते नीट वाचावं लागतं. डिसेंबर 2025 आणि जानेवारी 2026 मध्ये तिथे टप्प्याटप्प्याने निवडणूक घेतली गेली, पण त्यामुळे लढाया थांबल्या नाहीत आणि पॉलिसीतला मजकूरही बदलला नाही.

याचा अर्थ तिथे घडलेलं काहीच मिळत नाही असा नाही. दावा तपासणारा माणूस कारण बघतो. बगानच्या देवळाच्या पायरीवर पाय मुरगळला, जुलाबाने दवाखान्यात राहावं लागलं, बॅग विमानात हरवली, तर त्याचा सत्तेशी काय संबंध? ते मिळायला हवं. रस्त्यात स्फोट झाला आणि काच लागली, तर प्रकरण अपवादात जाणार. मधल्या गोष्टींत भांडण असतं. तुमचा अपघात साधाच आहे, पण संचारबंदीमुळे दवाखान्यात पोचायला सहा तास लागले आणि त्याने दुखणं वाढलं. मसुद्यात ‘प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे’ हे शब्द असतील तर कंपनी तिथे बोट ठेवते. हे शब्द तुमच्या पॉलिसीत आहेत का, ते आधी शोधा. दहशतवादाचं संरक्षण काही कंपन्या वेगळा हप्ता घेऊन देतात. ते घ्यायला हरकत नाही, पण सैन्य आणि सशस्त्र गट यांच्यातली चकमक म्हणजे दहशतवाद असं कंपनी मानेलच असं समजू नका.

दुसरा अपवाद सरकारी सूचनेचा. सरकारने जाऊ नका म्हटलेल्या भागात गेलात तर संरक्षण नाही, असं बऱ्याच पॉलिसींत असतं. आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने फेब्रुवारी 2024 मध्ये राखाइन प्रांतात जाऊ नका आणि असाल तर बाहेर पडा असं सांगितलं. म्हणजे म्राउक-ऊची देवळं आणि एके काळी पर्यटकांचा लाडका असलेला न्गपाली किनारा दोन्ही बाद. तसेही ते दोन्ही भाग 2024 मध्ये अराकान आर्मी या सशस्त्र बंडखोर गटाच्या हातात गेले. लंडन किंवा न्यू जर्सीतून निघणाऱ्या आपल्या मंडळींचं गणित आणखी कडक आहे. त्यांची पॉलिसी तिथल्या सरकारचा सल्ला बघते. अमेरिकेने म्यानमारला ‘प्रवास करू नका’ या सर्वांत वरच्या पातळीवर ठेवलं आहे, आणि ब्रिटनच्या परराष्ट्र खात्याने ज्या भागाबद्दल नको म्हटलंय तिथे साधी पॉलिसी गळून पडते. त्यांनी धोक्याच्या देशांसाठीची खास पॉलिसी शोधावी, महाग पडते तरी.

आणि नकाशावर आपण कुठे आहोत ते समजून घ्या. मंडालेहून होडीने मिंगुनला जाणं हा तिथला नेहमीचा अर्धा दिवसाचा कार्यक्रम. नदी ओलांडली की तुम्ही सगाइंग प्रांतात, आणि सगाइंग हा लढाईचा मुख्य भाग. होडीवाल्याला त्याचं काही वाटत नाही. दावा तपासणाऱ्याला वाटेल. मी गेले नाही.

हप्ता भरण्याआधी कंपनीला ईमेल पाठवा. फोनवर नको, फोनवरचा मुलगा गोड बोलतो आणि त्याचं बोलणं नंतर सापडत नाही. ईमेलमध्ये शहरांची नावं आणि तारखा लिहून विचारा: या शहरांत साधा अपघात किंवा आजार झाला तर दावा ग्राह्य धराल का? कोणत्या सरकारची सूचना तुम्ही मानता, आणि मी तिथे असताना सूचना बदलली तर किती दिवसांत बाहेर पडायला हवं? तिथे कॅशलेस दवाखाना आहे का, नसल्यास पैसे परत कसे देता? रुग्णाला बँकॉकला हलवायचं ठरलं तर परवानगी कोण देतं, किती तासांत? पॉलिसीत निर्बंधांचं कलम, म्हणजे आंतरराष्ट्रीय निर्बंध आड आले तर पैसे न देण्याचं कलम, आहे का? ‘अटी व शर्ती लागू’ एवढंच उत्तर आलं तर दुसरी कंपनी बघा. नीट उत्तर आलं तर ते छापून ठेवा.

निर्बंधांच्या प्रश्नाचं कारण सांगते. आर्थिक गैरव्यवहारांवर लक्ष ठेवणाऱ्या एफएटीएफने ऑक्टोबर 2022 मध्ये म्यानमारला काळ्या यादीत टाकलं, आणि 2023 मध्ये अमेरिकेने तिथल्या दोन सरकारी बँकांवर निर्बंध लावले. त्यामुळे बाहेरून तिथल्या दवाखान्याला पैसे पाठवणं अडखळतं, आणि पॉलिसीवर ‘कॅशलेस’ छापलेलं असलं तरी व्यवहारात आधी तुम्हीच भरायचे असतात. पर्यटन परत सुरू केलं तेव्हा, 2022 मध्ये, तिथल्या सरकारने पर्यटकांना सरकारी म्यानमा इन्शुरन्सचीच कोविड पॉलिसी घ्यायला लावली होती. तशी अट पुन्हा आली तर निमूट घ्या, व्हिसाचा खर्च समजून. आपली पॉलिसी तिच्यामुळे रद्द करू नका.

म्हणून रोख. भारतातून जाताना एका फेरीला तीन हजार डॉलरपर्यंत नोटा नेता येतात. त्यातला निम्मा भाग हात न लावता ठेवा, तोच तुमचा खरा विमा. नोटा करकरीत हव्यात. घडी पडलेली, शाईचा ठिपका असलेली नोट तिथे घेत नाहीत. मनी चेंजरकडून घेताना एकेक नोट उजेडात धरून बघा, तो चिडला तरी. आपली कार्डं एटीएममध्ये चालतीलच असं नाही. 2021 च्या सत्तापालटाच्या दिवशी फोन, इंटरनेट आणि बँका एकदम बंद झाल्या होत्या, आणि पुढे कित्येक महिने एटीएमसमोर रांगा होत्या. तेव्हाच्या मानाने आज बरं आहे, पण यांत्रिक गोष्टींवर भिस्त ठेवू नका.

चलनाचा एक घोळ दाव्यात येतो. सरकारी दर 2022 पासून डॉलरला 2,100 क्यात (तिथलं चलन), आणि बाजारातला दर त्याच्या बराच वर. दवाखान्याचं बिल क्यातमध्ये असेल तर कंपनी कोणत्या दराने रुपये करणार? म्हणून बिल डॉलरमध्ये मागा. नाहीच दिलं, तर पैसे बदलल्याची पावती बिलाला टाचून ठेवा.

दवाखान्यांबद्दल: सत्तापालटानंतर मोठ्या संख्येने डॉक्टर आणि परिचारिका असहकार आंदोलनात उतरून सरकारी नोकरी सोडून गेल्या. यांगूनमध्ये खासगी रुग्णालयं आहेत, आधी अनामत मागतात. गंभीर दुखण्यासाठी लोक बँकॉकला जातात. हवाई रुग्णवाहिकेचा खर्च लाखांत जातो, आणि विमा कंपनीच्या मदत केंद्राने आधी होकार दिला असेल तरच तो मिळतो. नातेवाइकांनी घाईत स्वतः विमान ठरवलं की दावा अडकतो. असे कागद मी टेबलावर पाहिलेत आणि नाइलाजाने परत पाठवलेत. आधी फोन, मग विमान. चालण्याजोगा रुग्ण असेल तर सरळ तिकीट काढून बँकॉक गाठणं स्वस्त पडतं. थायलंडच्या प्रवेशाचे ताजे नियम आणि तिथला ऑनलाइन आगमन फॉर्म निघण्यापूर्वीच समजून घ्या.

पण फोन लागायला हवा ना! कंपनीचा टोल-फ्री क्रमांक बाहेरून चालत नाही, साधा क्रमांक मागून घ्या. फेसबुक 2021 पासून बंद आहे, व्हॉट्सअॅप चालेल असं धरू नका. परवानगीशिवाय व्हीपीएन (बंद केलेली संकेतस्थळं उघडून देणारी) सेवा पुरवणं 2025 च्या सायबर सुरक्षा कायद्याने गुन्हा आहे, आणि नाक्यावर फोन तपासताना व्हीपीएन शोधतात. मी ते फोनमध्ये ठेवलंच नव्हतं. रोज ठरलेल्या वेळी घरी साधा एसएमएस, आणि तो आला नाही तर घरच्यांनी विमा कंपनीला आणि दूतावासाला कळवायचं, असं माझ्या सुनेशी ठरलं होतं. पॉलिसीची एक प्रत तिच्याकडे होती. आपला दूतावास यांगूनमध्ये आहे, मंडालेत वाणिज्य दूतावास आहे; दोन्ही क्रमांक कागदावर लिहून पासपोर्टात ठेवा.

अटक झाली तर कोणतीही पॉलिसी तुमच्या मागे उभी राहत नाही. ब्रिटनच्या तिथल्या माजी राजदूत विकी बोमन यांना 2022 मध्ये नोंदवलेल्या पत्त्यावर न राहता दुसरीकडे राहिल्याच्या कारणावरून तुरुंगात टाकलं, वर्षाची शिक्षा झाली. नोव्हेंबरमध्ये माफीत सुटल्या. खरं कारण वेगळं असेलही, पण कलम पत्त्याचं लागलं. तेव्हा फॉर्मवरचं हॉटेल आणि झोपायचं हॉटेल एकच असू द्या. बदललं तर नव्या हॉटेलला नोंद करायला सांगा. ड्रोन नेऊच नका. 2019 मध्ये, निवडून आलेलं सरकार असतानासुद्धा, राजधानी नेपिडोत संसदेजवळ ड्रोन उडवल्याबद्दल एका फ्रेंच पर्यटकाला पकडलं होतं. मंडालेच्या राजवाड्याच्या आवारात परदेशी माणसाला फक्त पूर्वेच्या दरवाजाने सोडतात, कारण आतला मोठा भाग लष्कराकडे आहे. टिळकांची कोठडी शोधत तिथे भटकू नका. शिपायांचे फोटो नाहीत, राजकारणावर बोलणं नाही, टॅक्सीवाला स्वतः बोलायला लागला तरी नाही; त्याचा जीव तुमच्यापेक्षा जास्त धोक्यात असतो.

बगानला सगळे ई-बाईक भाड्याने घेतात. भाड्याने देणारा परवाना विचारत नाही, विमा कंपनी विचारते. बलूनची फेरी साहसी खेळात धरली जाते, वेगळं संरक्षण लागतं. शहरांमधला प्रवास मी विमानानेच केला. रात्रीचा रस्ता नकोच. 28 मार्च 2025 च्या 7.7 तीव्रतेच्या भूकंपाने मंडाले आणि सगाइंगची फार मोडतोड केली, जुना आवा पूल नदीत कोसळला. भूकंप नैसर्गिक आपत्तीत येतो, तो सत्तेच्या अपवादात येत नाही, त्यामुळे ‘प्रवास अर्धवट सोडणे’ हे कलम पॉलिसीत असावं.

पैशाबद्दल एक. 1996 च्या पर्यटन वर्षात लष्कराविरुद्ध लढणाऱ्या नेत्या आँग सान सू ची यांनी पर्यटकांना येऊ नका म्हटलं होतं, आणि तो वाद आजही संपलेला नाही. मी गेले ते घरगुती गेस्टहाउसात राहून, सरकारी हॉटेल टाळून. तरी व्हिसाचे पन्नास डॉलर सरकारलाच गेले.

परतल्यावर दावा करायचा असेल तर बोर्डिंग पास, शिक्क्याची पासपोर्टची पानं, डॉक्टरचा कागद, बिलाबरोबर पैसे भरल्याची पावती एवढं लागतं. बर्मीमधला कागद असेल तर डॉक्टरकडून तिथेच इंग्रजीत निदान लिहून घ्या, इथे आल्यावर भाषांतरकार सापडत नाही. कंपनीने नकार दिला तर कोणत्या कलमाखाली ते लेखी मागा, आणि तुमचा तो छापलेला ईमेल जोडून तिच्या तक्रार विभागाकडे द्या. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. आपल्याकडे मुंबईत आणि पुण्यात कार्यालयं आहेत, फी नाही, वकील लागत नाही, पण नकारानंतर वर्षाच्या आत जायला हवं.