अल्पाका आणि लामा यांचे कुत्र्यांपासून व इतर शिकारी प्राण्यांपासून रक्षण

अमेरिकेत गावाबाहेर थोडी जमीन घेऊन अल्पाका, म्हणजे लोकरीसाठी पाळला जाणारा उंटाच्या कुळातला प्राणी, पाळू लागलेल्या माणसाला पहिली धास्ती असते ती कोयोट (लांडग्यासारखा, पण लहान रानटी प्राणी), अस्वल आणि प्यूमा (मांजरकुळातला मोठा शिकारी प्राणी) यांची. ही धास्ती अनाठायी नसली, तरी बहुतेक भागांत कळपाला सर्वाधिक धोका असतो तो आसपासच्या घरांतल्या, गळ्यात पट्टा असलेल्या पाळीव कुत्र्यांचा. कोयोट भूक भागवण्यासाठी येतो आणि सहसा एखादे पिल्लू किंवा दुबळे जनावर गाठतो. कुत्र्याचे पोट मात्र घरी भरलेले असते, आणि पळणाऱ्या जनावरामागे धावण्याचा चेव त्याला एकदा चढला, की तो एकाला लोळवून दुसऱ्याकडे वळतो. दोन कुत्रे एकत्र आले म्हणजे प्रकरण फारच गंभीर होते. अल्पाकाचे वजन साधारण 50 ते 80 किलो असले, तरी त्याला शिंगे नसतात, पायांना टणक खुरांऐवजी मऊ गाद्या असतात आणि वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. पळणे हाच त्याचा बचाव, आणि बंदिस्त कुरणात पळून जाणार तरी कुठे?

म्हणून हाती पैसे मोजके असतील, तर ते आधी कुंपणावर खर्च करावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. कुंपण अल्पाकांना आत ठेवण्यासाठी नसून इतरांना बाहेर ठेवण्यासाठी आहे, हे धरून चालावे. अल्पाका चार फुटांच्या कुंपणातही निमूट राहतात, परंतु मोठा कुत्रा ते सहज ओलांडतो. किमान पाच फूट उंचीची, दोन इंच रुंद व चार इंच उंच घरांची विणलेली तारजाळी वापरावी. मोठ्या चौकोनांची शेताची जाळी स्वस्त पडते, परंतु तिच्यात अल्पाका मान अडकवून घेतात आणि पिल्ले आरपार निघून जातात. काटेरी तार टाळावी, कारण तिच्यात लोकर गुंतते आणि कातडी फाटते.

कुत्रा आणि कोयोट उडी मारण्यापूर्वी बहुधा खालून वाट शोधतात. यासाठी जाळीच्या तळाशी बाहेरच्या बाजूने सुमारे दोन फूट रुंदीची जाळी जमिनीवर आडवी पसरून खुंट्यांनी घट्ट बसवावी. काही महिन्यांत गवत तिच्यातून वर येते आणि ती उकरणे अवघड होते. त्याच बाजूला जमिनीपासून सहा ते आठ इंचांवर विजेची एक तार आणि कुंपणाच्या माथ्यावर दुसरी तार ओढावी. या तारा बाहेरूनच हव्यात: दाट लोकरीमुळे अल्पाकाला झटका फारसा जाणवत नाही, उलट कुत्र्याचे ओले नाक तारेला लागले की त्याला तो पुरेपूर बसतो. केवळ विजेच्या तारांच्या कुंपणावर मात्र विसंबू नये. गवत वाढून तारेला टेकले की झटका क्षीण होतो, तेव्हा तारेखालचे गवत नियमित कापावे आणि विजेचा दाब मापकाने तपासत राहावा. फाटकाखालची फट, ओढा किंवा नाली कुंपणाखालून जाते ती जागा आणि वादळात पडलेल्या फांदीने वाकलेला भाग या तीन ठिकाणी दर आठवड्याला नजर टाकावी.

प्यूमाच्या बाबतीत हे सारे अपुरे पडते, कारण त्याला आठ फुटांचे कुंपणही अडवू शकत नाही. कॅलिफोर्नियातील मालिबू येथे नोव्हेंबर 2016 मध्ये पी-45 या क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या प्यूमाने एका रात्रीत एकाच ठिकाणचे 10 अल्पाका मारले. जनावरे उघड्या वाड्यात असली, तर त्यांच्या धावपळीमुळे या प्राण्याकडूनही असा संहार होतो. प्यूमाच्या प्रदेशात सूर्यास्तापूर्वी सगळा कळप चारही बाजूंनी आणि वरून बंद असलेल्या गोठ्यात घ्यावा; छपरासाठी पत्रा नको असेल तर भक्कम वेल्डेड जाळी चालेल. रोज थोडासा खुराक गोठ्यातच दिला, तर ठरल्या वेळी जनावरे आपण होऊन आत येतात.

राखणीसाठी लामा, म्हणजे अल्पाकाचा आकाराने मोठा भाऊबंद, ठेवावा का, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. आयोवा स्टेट युनिव्हर्सिटीने 1990 च्या सुमारास 145 मेंढपाळांची पाहणी केली, तेव्हा लामा ठेवल्यानंतर कोयोट व कुत्र्यांमुळे होणारे नुकसान बरेच घटल्याचे दिसले. लामा अनोळखी प्राण्याकडे मान उंचावून रोखून पाहतो, किंकाळीसारखा इशारा देतो, पुढे धावून जातो आणि लाथा मारतो. या कामासाठी खच्ची केलेला, दीड-दोन वर्षांहून मोठा आणि माणसाने बाटलीवर न वाढवलेला नर निवडावा. बाटलीवर वाढलेला नर मोठेपणी माणसांवरच धावून येऊ शकतो, तर खच्ची न केलेला नर अल्पाका माद्यांवर चढून आपल्या भाराने त्यांना जायबंदी करतो. परंतु लामा हा एकट्या-दुकट्या कोयोटापुरताच पहारेकरी आहे. कुत्र्यांच्या टोळीपुढे किंवा प्यूमापुढे तो स्वतःच भक्ष्य ठरतो.

त्याहून समर्थ राखणदार म्हणजे ग्रेट पिरेनीज, मरेमा किंवा अनातोलियन शेफर्ड या जातींचे कुत्रे, आणि धोका मोठा असेल तेथे ते जोडीने ठेवावेत. पिल्लू असल्यापासून त्यांना कळपाजवळ, पण मधे जाळी ठेवून वाढवावे आणि साधारण दोन वर्षांचे होईपर्यंत देखरेखीविना कळपात सोडू नये. ते रात्रभर भुंकतात, याची कल्पना शेजाऱ्यांना आधीच दिलेली बरी. घरातला लाडका कुत्रा हा राखणदार नव्हे. त्याला आणि पाहुण्यांच्या कुत्र्यांना कुरणात मुळीच नेऊ नये. कुत्र्यांना सरावलेला अल्पाका परक्या कुत्र्यापासून वेळीच दूर पळत नाही. हालचालीने पेटणारे दिवे थोडे दिवस उपयोगी पडतात, त्यांच्या जागा बदलत राहिल्यास थोडे अधिक. अल्पाका बहुधा दिवसा वितात, त्यामुळे नवजात पिल्लू व त्याची आई यांना त्याच संध्याकाळी गोठ्यात घेणे जमण्यासारखे असते.

हल्ला झालाच, तर वाचलेले प्रत्येक जनावर हाताने चाचपून पाहावे. सुळ्यांची भोके लोकरीखाली लपतात आणि दोन-तीन दिवसांनी पू धरल्यावरच लक्षात येतात, म्हणून संशय येईल तेथील लोकर कापून कातडी तपासावी आणि पशुवैद्याला त्याच दिवशी बोलवावे. धनुर्वाताची लस आणि रेबीजचा धोका यांविषयी त्यांना आवर्जून विचारावे. जखम नसलेली गाभण मादीही धसक्याने गर्भ टाकू शकते, तेव्हा तिच्यावर पुढे काही दिवस लक्ष ठेवावे. मेलेले जनावर लगेच हलवू नये. मागच्या पायांवर व अंगावर जागोजागी ओरबाडलेले चावे, आणि मांस जवळजवळ न खाल्लेले, असे दिसले तर बहुधा कुत्रे आलेले असतात. गळ्यावरचा नेमका चावा कोयोटाकडे, तर मानेवरचा चावा आणि पालापाचोळ्याने झाकलेले धड प्यूमाकडे बोट दाखवते. छायाचित्रे व पावलांचे ठसे टिपून कुत्र्यांच्या बाबतीत काउंटीच्या (जिल्ह्यासारख्या स्थानिक प्रशासनाच्या) प्राणी नियंत्रण विभागाला, आणि वन्य प्राण्यांच्या बाबतीत राज्याच्या वन्यजीव विभागाला कळवावे. कॅलिफोर्नियात सहसा परवान्याशिवाय प्यूमाला मारता येत नाही, आणि कुत्र्यावर गोळी झाडण्याचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत. ते आपल्या काउंटीत आधीच विचारून ठेवावेत.