सुटलेला सेलिब्रिटी किस्सा विकायला आला, तर राग कुठे काढायचा

नोकरीची बहुतेक वर्षं मी नाशिकच्या कोर्टात नक्कल विभागात काढली. आता निवृत्त आहे आणि इंदिरानगरातल्या आमच्या लहानशा वाचनालयात पुस्तक निवड समितीवर आहे. त्यामुळे हा विषय निघाला की लोक मलाच गाठतात. गाजलेल्या खून खटल्यातून कुणी नामवंत सुटतो, मग त्याचं ‘माझी बाजू’ छापाचं पुस्तक येतं, मुलाखती होतात, मानधन घेऊन दौरे सुरू होतात. लोकांचं डोकं फिरतं, आणि फिरायलाच पाहिजे. पण व्हॉट्सअ‍ॅपवर ‘खुनी, खुनी’ लिहून त्याचं काही वाकडं होत नाही. पुस्तक तेवढं जास्त खपतं. म्हणून निकालावर डोकं आपटण्यापेक्षा पैशाच्या मागे लागा.

आधी निकालपत्र वाचा. ई-कोर्ट्सच्या साइटवर खटल्याचा १६ अक्षरी सीएनआर नंबर (प्रत्येक खटल्याला मिळणारा ओळख क्रमांक) टाकला की बहुतेक वेळा सापडतं. सगळं वाचायचा कंटाळा येणारच, निदान शेवटची पानं सोडू नका. साक्षीदार फितूर झाले, पंचनामाच टिकला नाही, की या माणसाला खोटं गोवलं असं कोर्टानेच म्हटलं, ते तिथे कळतं. संशयाचा फायदा मिळून सुटणं वेगळं आणि गोवलेला माणूस सुटणं वेगळं. गोवलेल्याने पुस्तक लिहून चार पैसे मिळवले तर माझी काही तक्रार नाही, बिचाऱ्याची उमेदीची वर्षं तुरुंगात गेलेली असतात. वरच्या कोर्टात अपील चालू आहे का, तेही बघा. २००९ च्या अखेरपासून निर्दोष सुटकेविरुद्ध पीडिताच्या घरच्यांना स्वतः अपील करता येतं. ती तरतूद आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४१३ मध्ये आहे.

आता पैसा. इथे सिम्पसनचं प्रकरण माहीत असायलाच हवं, कारण त्यातलं अर्धंच लोकांना आठवतं. ओ. जे. सिम्पसन म्हणजे ‘अमेरिकन फुटबॉल’चा नामांकित खेळाडू, सिनेमातही झळकलेला. जून १९९४ मध्ये लॉस एंजलिसला त्याची घटस्फोटित बायको निकोल आणि तिचा मित्र रॉन गोल्डमन यांचा खून झाला. ३ ऑक्टोबर १९९५ ला सिम्पसन निर्दोष सुटला. पण मृतांच्या घरच्यांनी त्याच्यावर दिवाणी दावाही लावला होता. फौजदारीत वाजवी संशयापलीकडे सिद्ध करावं लागतं, दिवाणीत पारडं कुठे झुकतं एवढंच बघतात. १९९७ मध्ये तिथल्या ज्युरीने दोन्ही मृत्यूंची जबाबदारी त्याच्यावर टाकली आणि एकूण ३ कोटी ३५ लाख डॉलरची भरपाई ठरवली. त्यातली फारच थोडी वसूल झाली.

आणि २००६ मध्ये हा गृहस्थ ‘इफ आय डिड इट’ घेऊन हजर! मी केलं असतं तर कसं केलं असतं, असं पुस्तक, जोडीला फॉक्स वाहिनीवर मुलाखत. अमेरिकाभर संताप उसळला. फॉक्सशी जोडलेल्या काही स्थानिक केंद्रांनीच मुलाखत दाखवायला नकार दिला आणि नोव्हेंबर संपायच्या आत फॉक्सचा मालक रूपर्ट मर्डोकने दोन्ही गोष्टी रद्द केल्या. आठवतं ते एवढंच. पण गोल्डमन कुटुंब तिथे थांबलं नाही. पुस्तकाचा व्यवहार सिम्पसनच्या मुलांच्या नावाच्या कंपनीमार्फत झाला होता. ती कंपनी दिवाळखोरीत गेली आणि २००७ मध्ये फ्लोरिडातल्या कोर्टातून, थकलेल्या भरपाईपोटी, पुस्तकाचे हक्क गोल्डमन कुटुंबाकडे आले. त्यांनी तेच पुस्तक छापलं, मुखपृष्ठावर ‘इफ’ शोधून काढावा लागेल इतका बारीक केला आणि खाली घातलं, ‘खुन्याचा कबुलीजबाब’. आरडाओरड्याने पुस्तक थांबलं होतं, हक्क मात्र चिवट दिवाणी पाठपुराव्याने हातात आले.

आपल्याकडे १८५५ चा फेटल अ‍ॅक्सिडेंट्स अ‍ॅक्ट आहे. कुणाच्या चुकीच्या कृत्याने माणूस गेला, ते कृत्य गुन्हा असलं तरी, नवरा-बायको, आईवडील, मुलं यांच्यासाठी भरपाईचा दावा लावता येतो. मुदत मृत्यूपासून २ वर्षं. आपले खून खटले किती चालतात ते मी वेगळं सांगायला नको. निकाल लागेपर्यंत ती मुदत कधीच उलटून गेलेली असते. म्हणून ओळखीच्या घरावर असा प्रसंग आला, तर दिवाणी वकिलाचं नाव पहिल्याच महिन्यात सुचवा.

कार्यक्रम नाशिकला ठरला असेल तर आयोजकांना पत्र लिहा, त्याची प्रत जाहिरातीतल्या प्रायोजकांना. सराफ आणि बिल्डर मंडळींना आपलं नाव असल्या भानगडीत नको असतं, हा माझा अनुभव. पत्रात ‘खून केला’ असं चुकूनही लिहू नका. सुटलेल्या माणसाबद्दल तसं लिहिलंत तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामीचा खटला तुमच्यावरच यायचा, शिक्षा २ वर्षांपर्यंत. मी लोकांना असा मजकूर देते:

‘महोदय, दि. अमुक रोजीच्या कार्यक्रमासाठी पाहुण्यांना मानधन दिले जाणार आहे काय? असल्यास किती? तिकीट विक्रीतील वाटा त्यांना मिळणार आहे काय? मृताच्या कुटुंबाला या कार्यक्रमाची कल्पना दिली आहे काय? कृपया लेखी उत्तर द्यावे.’

बस. विशेषणं नकोत. उत्तर आलं नाही तर तेही लोकांना सांगता येतं.

कार्यक्रम कालिदास कलामंदिरात असेल तर ते महापालिकेचं आहे. भाड्यात सवलत दिली का, कुणाच्या शिफारशीवर, हे माहिती अधिकारात विचारा. १० रुपयांचा अर्ज, ३० दिवसांत उत्तर. दारात उभं राहायचं असेल तर आधी पोलिसांकडे जा, कारण शहरात महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ चा मनाई आदेश बऱ्याचदा लागू असतो आणि पाचजण जमले तरी अडचण होते.

पुस्तकं जाळणं वगैरे आमच्याकडे चालत नाही. जाळायला आधी विकत घ्यावी लागतात, म्हणजे रॉयल्टी त्यालाच. समितीत आम्ही असं पुस्तक नवं घेत नाही. कुणी जुनी प्रत दिली तर नोंदवहीत चढवून कपाटात ठेवतो, मागेल त्याला देतो.

हे सगळं करण्याआधी मृताच्या घरच्यांना विचारा, तेही ओळखीच्या माणसामार्फत, थेट फोन करून नाही. मृत दोघं असतील तर दोन्ही घरांचं एकच म्हणणं असेल असंही धरू नका. गोल्डमन कुटुंबाने पुस्तक छापलं तेव्हा निकोलची बहीण डेनिस ब्राउनने उघड विरोध केला होता. घरचे म्हणाले की विषयच नको, तर लिहिलेलं पत्रसुद्धा पाठवू नका.