शांघायला निघण्याआधी: शिष्टमंडळातल्या नवख्यांसाठी

कोणती रेडिओ लहर कोणत्या कामाला वापरायची, हे सगळे देश मिळून जागतिक रेडिओ परिषदेत ठरवतात. पुढची परिषद २०२७ च्या ऑक्टोबरात शांघायला आहे. अजून पुष्कळ वेळ आहे असं वाटत असेल, तर एवढं ध्यानात घ्या: दुबईची परिषद १५ डिसेंबर २०२३ ला संपली आणि तीनच दिवसांनी, तिथेच, पुढच्या परिषदेच्या तयारीची पहिली बैठक सुरू झाली.

आधी घरचं भांडण मिटवा. ७१२५ ते ८४०० मेगाहर्ट्झचा पट्टा मोबाइलला हवा म्हणणाऱ्यांनी त्यात आज कोणाचे उपग्रह बोलतात, कोणाच्या मायक्रोवेव्ह लिंक चालतात, ते दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेत (देशातल्या लहरींचं वाटप बघणाऱ्या) सगळ्यांसमोर विचारून घ्यावं. इस्रो, संरक्षण खातं, हवामानवाले, कंपन्या, सगळ्यांची तोंडं एकदा दिल्लीतच एका दिशेला वळली पाहिजेत. तिकडे एकाच देशाचे दोघे दोन सूर लावू लागले की समोरचे नुसते ऐकत बसतात.

मग एका सेवेचा दुसरीला किती अडथळा होईल, या आपल्या अभ्यासातली गृहीतकं पाठ करा. २०१९ च्या परिषदेत, इजिप्तच्या शर्म अल-शेखमध्ये, मोबाइलला द्यायच्या २६ गिगाहर्ट्झवरून जुंपली ती याच मुद्द्यावर: शेजारच्या २३.६ ते २४ गिगाहर्ट्झमध्ये उपग्रह हवेतली वाफ मोजतात, तिथे मोबाइलची गळती किती चालेल? शेवटी दोन टप्प्यांची मर्यादा ठरली: आधी सैल, नंतर कडक. किती टॉवर धरले, अँटेना कुठे रोखल्या, हे विचारतील तेव्हा फाइल चाळत बसू नका.

खगोलशास्त्राचे पट्टे उपग्रहांच्या ताफ्यांपासून वाचवण्याचा विषयही आहे. आपल्याला लगेच पुणे जिल्ह्यातल्या खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आठवते. पण ती साधारण १५०० मेगाहर्ट्झच्या खाली ऐकते. कोणता पट्टा चर्चेत आहे ते पाहूनच तिचं नाव काढा.

प्रस्ताव शक्यतो आशिया-पॅसिफिक गटाचा समान प्रस्ताव म्हणून जाऊ द्या. मतदान जवळपास होतच नाही, सगळं सहमतीने चालतं, त्यामुळे एकटा देश रेटून रेटून किती रेटणार? हवं काय, चालेल काय आणि अजिबात नको काय, हे तिन्ही लेखी घ्या. शांघायत रात्रीचा एक वाजतो तेव्हा दिल्लीत साडेदहा झालेले असतात. त्या वेळी फोन उचलून ‘हो’ म्हणण्याचा अधिकार कोणाला, ते नावानिशी ठरवा.

लहरींच्या वाटपाच्या आंतरराष्ट्रीय तक्त्याला तळटिपा असतात, त्यांत ठराविक देशांची नावं घालून वेगळी सवलत दिलेली असते. त्यातलं आपल्या देशाचं नावही तपासा. जुनी सवलत नको असेल तर ते काढून घेता येतं. हे काम कंटाळवाणं, म्हणून नेहमी राहून जातं.

आणि शिष्टमंडळाचं अधिकारपत्र. त्याशिवाय ना मत, ना अंतिम दस्तऐवजावर सही. मूळ प्रत हातातल्या बॅगेत ठेवा, सामानात नको.